कन्नड घाटात गेलेली ओढ : एका दोषाचा माग

मागच्या मे महिन्यात आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरला नेत असताना, चाळीसगाव सोडून कन्नड घाट चढायला लागल्यावर थोड्याच वेळात आमच्या गाडीची ओढ एकाएकी गेली. इंजिन बंद पडले नाही, कसला आवाज झाला नाही, मागे धूरही दिसला नाही. पण अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबूनही तिसऱ्या गियरमध्ये ताशी ४० किलोमीटरचा वेग २५ वर आला, इंजिनाचे फेरे मिनिटाला अडीच हजारांच्या पुढे जाईनात आणि समोर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला. इंजिन चालू असल्यामुळे स्टिअरिंग आणि ब्रेक नेहमीसारखेच हलके होते, म्हणून चारही इंडिकेटर लावून दुसऱ्या गियरमध्ये वळण पार केले आणि रस्ता रुंद दिसला तिथे डाव्या कडेला गाडी घेतली. वळणावरच थांबण्याची चूक केली नाही याचे समाधान आजही वाटते, कारण मागून येणाऱ्याला आम्ही दिसलोच नसतो. पाच मिनिटे इंजिन बंद ठेवून पुन्हा सुरू केले तर गाडी जणू काही झालेच नाही अशी वरपर्यंत चढली.

आठवड्याभरात हाच प्रकार धुळे रस्त्यावर घडला. गाडीत चार माणसे, एसी चालू, पुढचा ट्रॅक्टर ओलांडण्यासाठी जोर मागितला आणि नेमकी त्याच क्षणी ओढ गेली. समोरून वाहन येत नव्हते म्हणून निभावले. त्या दिवशी ठरवले की दोष सापडेपर्यंत या गाडीत आईला बसवायचे नाही.

गाडी २०१८ सालची, डिझेलवर चालणारी, धुराच्या प्रदूषणाच्या बीएस-४ मानकाची आहे. देशभर बीएस-६ लागू झाले ते १ एप्रिल २०२० पासून, आणि त्यानंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी डीपीएफ ही गाळणी असते. ती तुंबली तरी ओढ जाते. माझ्या गाडीत ती नसल्यामुळे ही एक शक्यता आपोआप बाद झाली. पेट्रोलच्या गाडीत असेच झाले असते तर ठिणगी पाडणारी इग्निशन कॉइल आणि टाकीतला इंधनपंप यांच्याकडे आधी पाहावे लागले असते.

पहिल्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, डिझेल फिल्टर बदलला, इंजिनाच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा कोड पुसला आणि गाडी परत दिली. कोणता कोड होता असे विचारल्यावर "टर्बोचं काहीतरी होतं" एवढेच उत्तर मिळाले. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा भाग. कोडबरोबर काय पुसले गेले ते मला नंतर समजले, आणि त्याचा मला खरोखर राग आला. इंजिनाचा संगणक दोष नोंदवतो तेव्हा त्या क्षणीचा वेग, इंजिनाचे फेरे, पाण्याचे तापमान आणि इंजिनावरचा भार हेही गोठवून ठेवतो. 'फ्रीज फ्रेम' म्हणतात ती हीच नोंद. अधूनमधून येणाऱ्या दोषाचा तो एकमेव साक्षीदार असतो, आणि एक बटण दाबून तो नाहीसा केला गेला होता. दोन दिवसांनी ओढ पुन्हा गेली. दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी जागेवर उभी करून चार हजार फेऱ्यांपर्यंत रेस केली, तिथे सगळे ठीक दिसले, आणि तरीही टर्बो बदलावा लागेल, ४५ हजारांपर्यंत खर्च येईल असे सांगण्यात आले. उभ्या गाडीत जो दोष दिसतच नाही, त्यासाठी एवढा महाग भाग बदलायला माझे मन तयार होईना.

मी व्यवसायाने शिक्षक, गाड्यांचा जाणकार नाही. पण निरीक्षणाची वही ठेवण्याची सवय आहे. स्टिअरिंगखाली १६ पिनांचे एक सॉकेट असते. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ ही दोष स्वतः नोंदवणारी व्यवस्था बंधनकारक झाल्यामुळे त्या सॉकेटात ब्लूटूथचा एक छोटा रीडर बसवून फोनवर इंजिनाचे चालू आकडे पाहता येतात. तसा रीडर मागवला. गाडी चालवताना फोनकडे पाहायचे नाही हे पक्के असल्यामुळे पुतण्याला शेजारी बसवले, आकडे नोंदवण्याचे काम त्याला दिले, आणि भर दुपारी एसी लावून, मागे तांदळाच्या तीन गोण्या टाकून आम्ही दोघे मुद्दाम पुन्हा कन्नड घाटाकडे निघालो. दोष ज्या परिस्थितीत येतो ती परिस्थिती उभी केल्याशिवाय तो सापडणार नव्हता, आणि दोन्ही गॅरेजमध्ये नेमके हेच झाले नव्हते.

पहायचे आकडे दोनच होते. पहिला इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, हवेचा दाब. इंजिन नुसते चालू असताना तो बाहेरच्या हवेइतका, म्हणजे शंभर किलोपास्कलच्या आसपास असतो, आणि जोर मागितला की टर्बो तो दुपटीपर्यंत किंवा त्याच्याही वर नेतो. दुसरा कॉमन रेलमधला, म्हणजे इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या नळीतला, डिझेलचा दाब, जो जोर लावताना हजार बारच्या वर जातो. फिल्टर तुंबला असेल, टाकीतून डिझेल पुरेसे येत नसेल किंवा डिझेलमध्ये हवा शिरत असेल, तर आधी दुसरा आकडा कोसळायला हवा. घाटात तिसऱ्या गियरमध्ये हवेचा दाब २१० पर्यंत गेला, आणि मग पुतण्या ओरडला, "काका, एकशे पंधरावर आला!" त्याच क्षणी गाडी मलूल झाली. डिझेलचा दाब मात्र हजारावरच होता. तो उतरला त्यानंतर, कारण हवा कमी पडते आहे हे कळल्यावर संगणकाने स्वतःच डिझेल तोडले होते. मेकॅनिक ज्याला 'लिंप मोड' म्हणतात तो हाच. इंजिन वाचवण्यासाठी संगणक ताकद मर्यादित करतो आणि चावी बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत बहुधा ती परत देत नाही. कोड आला पी ०२९९, म्हणजे टर्बोकडून अपेक्षित दाब मिळाला नाही. या वेळी तो न पुसता फ्रीज फ्रेमसकट उतरवून घेतला.

हा कोड परिणाम सांगतो, बिघडलेला भाग सांगत नाही. तुंबलेला एअर फिल्टर, टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा फाटलेला किंवा क्लिपमधून सुटलेला पाईप, थोडा धूर परत इंजिनात सोडणारा पण काजळीने उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह, दाब चुकीचा दाखवणारा सेन्सर, टर्बोची पाती फिरवणारी व्हॅक्यूमची (हवा ओढून केलेल्या पोकळीची) व्यवस्था, आणि या सगळ्यानंतर खुद्द टर्बो, अशा कितीतरी कारणांनी तोच कोड येतो. त्याचा अर्थ 'टर्बो गेला' असा लावून अनेकांचे हजारो रुपये वाया जात असावेत, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

वही घेऊन पाचोऱ्याच्या एका जुन्या मिस्तरींकडे गेलो. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी विचारले, "सर, गाडी घाटमा बंद पडस का नुसती वढत नही?" नुसती ओढत नाही म्हटल्यावर त्यांनी वही मागून घेतली आणि सगळे आकडे शांतपणे वाचले. एअर फिल्टर काढून उजेडात धरला, तो स्वच्छ होता. इंटरकूलरच्या पाइपांवर हात फिरवला. सांध्याशी तेलाचा ताजा ओलावा नव्हता, म्हणजे दाबाची हवा तिथून निसटत नव्हती. नंतर हातपंपाने टर्बोची पाती हलवणाऱ्या अ‍ॅक्चुएटरला थेट व्हॅक्यूम दिला. त्याची दांडी न अडखळता वर ओढली गेली आणि तशीच राहिली. टर्बोची पाती अडकलेली नाहीत आणि अ‍ॅक्चुएटरचा पडदा शाबूत आहे, हे तेवढ्याने समजले. टर्बोला व्हॅक्यूम देणाऱ्या इंजिनावरच्या पंपाचाच व्हॅक्यूम ब्रेकलाही मिळतो आणि ब्रेक कडक लागत नव्हता, त्यामुळे पंपावरचा संशयही गेला. उरला संगणकाच्या हुकमाने व्हॅक्यूम सोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि त्याच्यापासून अ‍ॅक्चुएटरपर्यंत जाणारा करंगळीपेक्षा बारीक रबरी पाईप.

यानंतर त्यांनी जे केले ते मी कधी विसरणार नाही. मला ब्रेक घट्ट दाबून, पहिला गियर टाकून क्लच किंचित सोडायला सांगितला आणि स्वतः बाजूला उभे राहून वाकून पाहू लागले. इंजिनावर भार येताच ते एका बाजूने चांगले दोन बोटे उचलले गेले आणि 'सूंऽऽ' असा बारीक आवाज आला. इंजिनाचा एक माउंट, म्हणजे इंजिन जागेवर धरणारा आधार, खचला होता. जोर लागला की इंजिन गरजेपेक्षा जास्त हलत होते, पाईप ताणला जात होता, आणि लोखंडी पट्टीला घासून त्याला पडलेली चीर उघडत होती. व्हॅक्यूम निसटला की टर्बोची पाती मोकळी पडत आणि दाब जाई. गाडी जागेवर रेस केली तर इंजिनावर तसा भार येत नाही, म्हणून चीर मिटलेली राही आणि स्कॅनरला काही दिसत नसे. आमच्याकडच्या उन्हाळ्यात बॉनेटखालचे रबर किती लवकर तडकते तेही त्यांनी दाखवले. शेजारचे आणखी दोन पाईप दुमडताच त्यांवर बारीक भेगा उमटल्या.

तिन्ही पाईप आणि माउंट बदलला. मजुरीसकट तीन हजार चारशे रुपये झाले. नुसता पाईप बदलला असता तर तोही काही महिन्यांत त्याच पट्टीला घासून फाटला असता, म्हणून माउंटचा खर्च मला मुळीच जड वाटला नाही. नवा पाईप त्यांनी पट्टीपासून दूर नेऊन बांधला.

काम झाल्यावर कोड पुसला आणि त्याच तीन गोण्या, तोच एसी आणि तीच दुपारची वेळ धरून पुतण्याला घेऊन घाट पुन्हा चढलो. दाब २०५ ते २१५ मध्ये राहिला आणि वरपर्यंत एकदाही घसरला नाही. तरी एका फेरीवर विसंबलो नाही. पुढचे तीन आठवडे, जवळपास ६०० किलोमीटर, रोज संध्याकाळी दिवा न लागताही नोंदले जाणारे प्रलंबित कोड तपासले. एकही आला नाही. मग आईच्या राहिलेल्या तपासणीची तारीख घेतली, तिला संभाजीनगरला नेऊन आणले, आणि घरी आल्यावर रीडर सॉकेटातून काढून ठेवला, कारण तो लावून ठेवला तर उभ्या गाडीची बॅटरी थोडी थोडी उतरत राहते.