तुम्ही विचारलंत म्हणून: बेसबॉलमध्ये दहापैकी चारचं एवढं काय?

बोस्टनजवळ राहतो, त्यामुळे भारतातून कुणीही आलं की हा प्रश्न ठरलेला. गेल्या उन्हाळ्यात मामांनी विचारला. मी मोठ्या तोऱ्यात सांगत होतो की १९४१ साली इथल्या संघाच्या टेड विल्यम्सने ०.४०६ सरासरी (म्हणजे हिट भागिले फलंदाजीच्या संधी; हिट म्हणजे चेंडू मारून सुखरूप बेसवर पोचणं) गाठली आणि त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल या दोन मुख्य लीगमध्ये अख्ख्या हंगामात ०.४०० कुणालाच जमलेली नाही. चहात खारी बुडवत मामा म्हणाले, "चाळीस टक्के? आमच्या शाळेत त्याला पास क्लास म्हणत."

मामा निवृत्त गणित शिक्षक. मग वर्तमानपत्राच्या कडेलाच हिशेब मांडला.

क्रिकेटमध्ये चेंडू तटवून उभं राहता येतं. इथे तसं नाही. पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, हातातून सुटलेला चेंडू ०.४ सेकंदात अंगाशी येतो, आणि नुसता लागून भागत नाही. कुणी झेलला की बाद, जमिनीवरून उचलून तुमच्याआधी पहिल्या बेसवर (धावत गाठायच्या पहिल्या टप्प्यावर) फेकला तरी बाद. म्हणून ०.३०० वालासुद्धा चांगला फलंदाज. त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये पहिला आलेल्या पीट रायझरची सरासरी होती ०.३४३.

आता शेवटचा दिवस. २८ सप्टेंबर १९४१, फिलाडेल्फिया, एकाच दिवशी दोन सामने. सकाळी विल्यम्सच्या नावावर ४४८ संधींत १७९ हिट. मामांनी भागाकार केला: ०.३९९५५. "तीन स्थळांपर्यंत ०.४००च की!" अगदी. रेकॉर्डबुकातही तेच छापलं असतं. मॅनेजर जो क्रोनिनने बसायची मुभा दिली होती. पण विल्यम्स दोन्ही सामने खेळला आणि ८ संधींत ६ हिट मारून गेला. ४५६ पैकी १८५. (त्या काळी सॅक्रिफाइस फ्लायसुद्धा, म्हणजे स्वतः झेलबाद होऊन बेसवरच्या साथीदाराला धाव काढू देणारा उंच फटकाही, वाया गेलेली संधी धरत. आजचा नियम असता तर आकडा आणखी चढला असता.) ब्रॅडमनला १९४८ साली ओव्हलवर शंभरच्या सरासरीसाठी ४ धावा हव्या होत्या आणि शून्यावर दांडी गेली, ते मामांना पाठ. याच्या हातात तर आकडा आलेला होता!

एवढं करूनही सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला नाही मिळाला. तो गेला न्यूयॉर्कच्या जो डिमॅजिओकडे, कारण सलग ५६ सामन्यांत हिट आणि वर संघ विजेता. मला तो निवाडा आजही पटत नाही, पण बोस्टनकराचं मत कोण मोजतो.

"आणि सरासरीत दुसरा नंबर कुणाचा?" शिक्षकी सवय. डिमॅजिओचा नाही, तो ०.३५७ वर तिसरा. दुसरा वॉशिंग्टनचा सेसिल ट्रॅव्हिस, ०.३५९. आणि हिट मोजाल तर दोन्ही लीगमध्ये सर्वांत जास्त त्याचे, २१८. पुढच्या वर्षी तो सैन्यात गेला. १९४४ च्या हिवाळ्यात दुसऱ्या महायुद्धातल्या बल्जच्या लढाईत पाय बर्फाने गोठले, ते कापायची वेळ येता येता वाचली. परतला तेव्हा सरासरी ०.२४१, पुढे ०.२५२, मग ०.२१६. १९४७ नंतर खेळलाच नाही.

मामांनी २१८ भोवती पेन्सिलने गोल केला आणि आणखी एक खारी मागितली.