तुम्ही विचारलंत म्हणून: त्या मंडळीत मी अजून का जाते

"ज्या मंडळीनं मालकांना पुरायला जागा दिली नाही, तिथंच तुम्ही दर रविवारी कशा जाता?" वडगाव शेरीत मुलाकडं राहायला आल्यापासून हा प्रश्न संपत नाही. शेजारणी विचारतात, सुनेच्या मैत्रिणी विचारतात. प्लॉटिंगवाला एजंट शेत बघायला आला, त्याला बांधावरचा क्रूस दिसला, तर त्यानंही विचारलं. आता एकदाच सांगते. मंडळी म्हणजे आमचं चर्च, आम्ही त्याला देऊळही म्हणतो.

हट्टी बाई आहे म्हणून जाते, असं म्हणू नका. फार भाविक आहे, असंही नको. दोन्ही ऐकून झालंय.

मालकांचं मंडळीशी बिनसलं ते 1972 च्या दुष्काळात. पाटाचं पाणी तेव्हा आमच्या शिवारात आलं नव्हतं. आम्ही दोघं खडी फोडायला जायचो, पोरांना सुकडी मिळायची आणि घरात मिलोची, म्हणजे तांबड्या ज्वारीची, भाकरी. थापता थापता कडेनं फुटायची ती. मंडळीतून धान्य वाटलं, तेव्हा यादीत आमचं नाव नव्हतं. कारण सांगितलं, तुम्हाला जमीन आहे. तीन एकर होती खरी. सासऱ्यांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात हाडं झिजवून घेतलेली. पण त्या साली तिच्यात कुसळ उगवलं नव्हतं. मालकांनी यादी वाचली, चपला घातल्या आणि मरेपर्यंत त्या दारातून आत गेले नाहीत.

मला मात्र कधी अडवलं नाही. पावसाळ्यात स्वतः गाडी जुंपायचे, मला देवळापाशी उतरवायचे आणि उपासना सुटेपर्यंत वडाखाली बैलांजवळ बसून राहायचे. हे कुणी विचारत नाही.

1998 च्या मे महिन्यात ते गेले. सकाळी वैरण कापताना छातीत कळ आली, डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. उन्हाळ्यातलं मयत ठेवता येत नाही. थोरले दीर लगोलग मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांकडं गेले आणि दोन अटी घेऊन परतले. सव्वीस वर्षांची थकलेली वर्गणी भरायची, आणि मयत मंडळीपासून दूर राहिले त्याबद्दल घरच्यांनी क्षमेचं पत्र द्यायचं. वर्गणीला माझी ना नव्हती. दिरांनी पैसे आणलेही होते. मग त्यांनी पोराच्या वहीचं पान फाडून मजकूर लिहिला. माझी फक्त सही हवी होती. 'आमच्या हातून घडलेल्या अपराधाबद्दल' इथवर मी वाचलं. मालक ओसरीवर होते, पायाशी म्हातारी सासू बसलेली. मी पेन दिरांना परत दिलं आणि म्हणाले, "शेतात ठेवू."

दीर चिडले. ख्रिस्ती माणूस असा रानात टाकतात का, म्हणाले. मी म्हणाले, सारा गेली तेव्हा अब्राहामानं काय केलं? परमुलखात एफ्रोन हित्तीला चारशे शेकेल रुपं मोजून दिलं, मकपेलाचं शेत विकत घेतलं आणि तिथल्या गुहेत तिला ठेवली. आमची जमीन तर घरचीच आहे. एवढं बोलले आणि माझेच हात कापायला लागले.

खड्डा घ्यायला शेजारचे अण्णा आले. माळकरी माणूस, दरसाल तुकोबांच्या पालखीबरोबर पंढरीला जाणारे. पालखी यवतला आली की पिठलं-भाकरीच्या पंगतीत वाढायला उभे असायचे. त्यांनी उत्तरेचा बांध निवडला, कारण तो चढाला आहे. वर हातभर काळी माती, खाली चुनखडी, त्याखाली मुरूम. मुरमाला पहार लागली तेव्हा खड्ड्यातूनच म्हणाले, "वहिनी, हितं पाणी थांबायचं न्हाई." सुतारानं आंब्याच्या फळ्यांची पेटी केली होती. पाळक आले नाहीत. तेविसावं स्तोत्र मीच वाचलं, मूठमाती मीच आधी दिली. अण्णांनी गळ्यातली माळ हातात धरून विठ्ठलाचं नाव घेतलं. कुणी हरकत घेतली नाही, मी तर नाहीच.

त्याच रात्री पाटाच्या पाण्याची आमची पाळी होती. मेमधली पाळी चुकली तर पुढच्या आवर्तनापर्यंत ऊस वाळतो. अण्णा म्हणाले, मी धरतो दारं, तुम्ही पडून राहा. मी बॅटरी घेतली, खोरं घेतलं आणि गेले. एक सरी भरली की तिचं तोंड बुजवायचं, दुसरीचं फोडायचं. घर माणसांनी भरलेलं होतं, तिथं मला रडू आलं नव्हतं. इथं चिखलात उभी राहून आलं. खोरं मात्र थांबवता येत नव्हतं, कारण पाणी थांबत नाही. उजाडायच्या आत पाणी बांधापर्यंत आलं आणि उतारानं वळलं. अण्णांचं बरोबर होतं.

तिसऱ्या दिवशी रविवार होता, आणि मी देवळात गेले. प्रश्न खरा या दिवसाबद्दल आहे ना? मग खरं ऐका. त्या दिवशी मी प्रार्थनेला गेले नव्हते. पंचांना माझं तोंड दिसावं म्हणून गेले होते. खिडकीजवळच्या नेहमीच्या जागेवर बसले आणि सगळी गाणी मोठ्यानं म्हटली. पुढं कितीतरी वर्षं माझी उपासना अशीच चालली. देवाला ती चालली असेल का, मला सांगता येत नाही.

आणि इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की जागा दिली नाही. ते पुरतं खरं नाही. जागा देत होते, पत्र मागत होते. आज मी त्या त्रेपन्न वर्षांच्या बाईला विचारते, केली असतीस सही तर काय गेलं असतं? मेलेल्या माणसाचा मान कुणी काढून नेतं का? ती म्हणते, सव्वीस वर्षं वडाखाली बसला तो माणूस, त्याच्या बसण्याला मी अपराध म्हणू? माझ्याकडं उत्तर नसतं. मग मी तिला मुलाची आठवण देते. त्याच्या सोयरिकीत पहिला प्रश्न 'वडिलांना कुठं पुरलंय' हाच निघायचा, आणि तो खाली मान घालून ऐकायचा. तेव्हा ती गप्प बसते.

आमच्या आजेसासू केडगावच्या मुक्तीत, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या आश्रमात, वाढलेल्या. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींपैकी एक. पुढं तिथल्या छापखान्यात छपाईचे खिळे जुळवायला शिकल्या. पंडिता रमाबाईंचं मराठी बायबल त्याच छापखान्यात छापलं. रमाबाई 1922 साली गेल्या, तरी आजेसासूंच्या तोंडी त्यांचं नाव रोज असायचं. म्हणायच्या, "बाईंनी वर्गणीची वही बघून आम्हाला आत घेतलं नव्हतं." नवी नवरी होते तेव्हा मला यात काही विशेष वाटलं नव्हतं. यादीचं झालं तेव्हा आठवलं, आणि पत्राचं झालं तेव्हा तर फारच. मंडळी म्हणजे पंच नव्हेत, हे मी त्यांच्याकडून घेतलं.

पण जाण्याचं सगळ्यात मोठं कारण मी फार कुणाला सांगितलेलं नाही. आमची पहिली मुलगी गोवरानं गेली, दुष्काळाच्या आधी. ती देवळामागच्या कबरस्थानात आहे. मालकांनी तिचा खड्डा स्वतः घेतला होता. मी शेतात ठेवू म्हणाले तेव्हा बापलेकींची ताटातूट करते आहे हे मला कळत होतं. तरी म्हणाले. रविवारी उपासना सुटली की मी मागं जाते, तिच्यावरचं गवत काढते, मग शेताकडं जाते. मंडळी सोडली असती तर तिच्याकडं कोणत्या तोंडानं गेले असते?

आता पंच नवे आहेत, पोरांच्या वयाचे. गेल्या सुगीच्या सणाला गुळाची ढेप घेऊन गेले, तेव्हा त्यांनीच विषय काढला. तुमची जागा मुलीशेजारी राखून ठेवतो, मालकांनाही तिथं आणू, पत्रबित्र काही नको. सून म्हणते, हो म्हणा. मुलगा काही बोलत नाही. मालकांना उकरून तिथं न्यायचं, जिथं ते त्या यादीनंतर जिवंतपणी गेले नाहीत? ते माझ्यानं होणार नाही. मग मी कुणाजवळ? याच्यावर मी अजून ठरवलेलं नाही आणि मला कुणी घाई करू नये. या रविवारीही दौंडच्या गाडीनं जाईन. पंचांनी विचारलं तर सांगेन, आणखी थांबा.