एआय आलं, आता सोपं झालं असेल ना?

मी पूर्ण अंध आहे. ठाण्यात राहते, वाशीला अर्थशास्त्रात एम.ए. करते. सोसायटीतले काका, नातेवाईक, कॉलेजात नव्याने ओळख झालेली मुलं, सगळे कधी ना कधी विचारतात, ‘मोबाइल आता फोटो बघून सगळं सांगतो म्हणे. एआय आल्यापासून तुझं सगळंच सोपं झालं असेल ना?’ विचारण्यात आपुलकी असते. पण याचं उत्तर जिन्यात उभ्या उभ्या देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर सांगते.

सोपं झालंय, खूपच झालंय. पण त्यातलं बरंचसं एआयच्या आधीचं आहे. माझ्या लॅपटॉपवर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर आहे. पडद्यावरचा मजकूर तो बोलून दाखवतो. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने 2006 मध्ये त्याचं काम सुरू केलं, पुढे त्याचा अंध मित्रही त्यात आला. तेव्हा असं सॉफ्टवेअर विकत घेणं विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. यांनी ते फुकट दिलं, आजही फुकट आहे. माझं पदवीपर्यंतचं शिक्षण त्याच्या जोरावर झालं, असं मी छातीठोकपणे सांगते.

दुसरं यूपीआय. आताच्या पाचशेच्या नोटेची लांबी 150 मिलिमीटर, दोनशेची 146, शंभराची 142. रुंदी तिन्हींची 66. म्हणजे मागे गिऱ्हाइकांची रांग असताना मी चार मिलिमीटरचा फरक बोटांनी ओळखायचा. कडेच्या उंचावलेल्या रेघा आहेत, पण नोट मळली की त्या बोटांना लागत नाहीत. आता गावदेवी मंडईत भाजी घेतली की फोनने पैसे देते आणि भाजीवाल्याचा साउंडबॉक्स मोठ्याने आकडा सांगतो. तो डबा दुकानदारांसाठी आणलाय, माझा विचार करून कोणी बनवलेला नाही. तरी किती पैसे गेले ते मला आणि त्याला एकाच वेळी कळतं, कोणावर विसंबावं लागत नाही. यातलं सुख डोळस माणसाला पटकन कळणार नाही कदाचित.

आता एआयचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचं. अशा ग्रंथालयांतल्या किती जुन्या पुस्तकांची ब्रेल प्रत निघाली असेल, किती कोणी वाचून रेकॉर्ड केली असतील? फार थोडी. ती पुस्तकं आता कोणी पुन्हा टाइप करत बसणार नाही. तिथे पानाचा फोटो काढायचा आणि फोनने ते मराठीत वाचून दाखवायचं, हे माझ्यासाठी फार मोठं आहे. जोडाक्षरांत गडबड होते, पण अर्थ लागतो. पूर्वी वाचणाऱ्या माणसाच्या सवडीने वाचायचे, आता रात्री एक वाजताही वाचते.

पण अर्थशास्त्रात आलेख असतात. आलेखाचा फोटो दिला की एआय झकास परिच्छेद ऐकवतं. एकदा त्यातले दोन आकडे मैत्रिणीने पुस्तकात बघितले तर वेगळेच निघाले. सांगण्याचा सूर मात्र चुकलेल्या आकड्यांनाही तोच, ठाम. तुम्ही एआयचं उत्तर नजर टाकून पडताळता. मला पडताळता आलं असतं तर मी विचारलंच नसतं! औषधाच्या पाकिटावरची मुदतीची तारीख मी म्हणूनच अजून आईला विचारते.

याहून मला जास्त अडवतात त्या साध्या फायली. नोट्स म्हणून येते ती बहुतेक वेळा झेरॉक्सचा फोटो काढून केलेली पीडीएफ. स्क्रीन रीडरच्या लेखी ते कोरं पान. किंवा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. कृतिदेव या फॉन्टमध्ये ‘मराठी’ लिहिलं तर तुम्हाला पडद्यावर मराठी दिसतं, पण फाइलच्या आत ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं असतात. माझ्या कानावर तीच येतात, पानभर. युनिकोड, म्हणजे मराठी अक्षर फाइलच्या आतही मराठीच ठेवणारी पद्धत, येऊन इतकी वर्षं झाली, त्यात टाइप करायचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड प्रत्येक कॉम्प्युटरवर फुकट आहे, तरी अजून असल्या फायली येतात. तेव्हा मला खरंच राग येतो. एआयने त्या सोडवता येतात, माहीत आहे. पण जे आज, आत्ता टाइप होतंय ते आधी बिघडवायचं आणि मग दुरुस्तीला यंत्र आणायचं, हे कशासाठी?

काही नव्या गोष्टींनी तर होतं तेही गेलं. घोडबंदरला मैत्रिणीच्या नव्या टॉवरमध्ये लिफ्टला बटणंच नाहीत, सपाट काच आहे. आमच्या जुन्या बिल्डिंगची लिफ्ट कुरकुरते, पण चौथा मजला माझ्या बोटाला सापडतो. एका बँकेत ऑनलाइन खातं उघडायला गेले तर ‘चेहरा चौकटीत आणा, डोळ्यांची उघडझाप करा’. चौकट कुठे आहे ते कोण सांगणार? हा त्रास माझ्या एकटीचा नाही. अ‍ॅसिड हल्ल्यात डोळे गेलेल्यांचं आणि अंध व्यक्तींचं हेच गाऱ्हाणं सर्वोच्च न्यायालयात गेलं. 30 एप्रिल 2025 च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि केवायसीची, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याची, पद्धत सगळ्यांना जमेल अशी करायचे निर्देश दिले. त्या दिवशी मी तो निकाल स्वतः वाचला, स्क्रीन रीडरवर.

म्हणून कोणी शिक्षक किंवा वर्गमित्र ‘काय मदत करू’ असं विचारतात तेव्हा मी एआयचं नाव काढत नाही. नोट्स युनिकोडमध्ये टाइप करून वर्ड फाइल पाठवा, एवढंच मागते. व्हॉट्सअ‍ॅपवर वेळापत्रकाचा फोटो टाकलात तर खाली तेच दोन ओळींत लिहा. आलेख असेल तर असं: ‘आडव्या अक्षावर मागणी, उभ्या अक्षावर किंमत. रेषा डावीकडून उजवीकडे उतरते. किंमत 20 असताना मागणी 50, किंमत 10 असताना 80.’ हे लिहायला एक मिनिट लागतं, आणि यातले आकडे मला कोणाकडून तपासून घ्यावे लागत नाहीत.