पछाडलेला नायक आणि पाम बीच रोड

‘शोले’तली आगगाडीवरची मारामारी पनवेलजवळच्या रुळांवर चित्रित झाली आणि तिला सात आठवड्यांहून जास्त वेळ लागला, हे पनवेलकर पाहुण्यांना हमखास ऐकवतात. ऐकवावंच. पण त्या सिनेमातली खरी हाणामारी ठाकूरच्या शालीत दडलेली आहे. सूड घ्यायचाय आणि हात नाहीत. म्हणून दुसऱ्यांचे हात पैसे मोजून आणायचे, आणि स्वतःची पाळी आली की पाय वापरायचे. बुटांच्या तळाला खिळे येतात ते त्यातूनच. होळीच्या हल्ल्यात बंदूक पायाशी पडलेली असूनही ठाकूर ती उचलून देत नाही, तेव्हा जय-वीरूइतकाच प्रेक्षकही चिडतो. शाल आधीपासून दिसत असते. कारण मात्र नंतर कळतं. पटकथा लिहिणाऱ्याने हा क्रम भिंतीवर लावून ठेवावा. आपल्याकडे बहुतेकदा कारण आधी ढसाढसा रडून सांगतात आणि मग शाल शोधत बसतात.

अ‍ॅक्शनपटात माणूस किती पेटलाय हे त्याच्या आरडाओरड्यावरून कळत नाही. तो मारतो कसा आणि काय करायचं टाळतो, यावरून कळतं. ‘जॉन विक’ (2014) पाहा. बायको गेली, तिने मागे ठेवलेलं कुत्र्याचं पिल्लू गुंडांनी मारलं, गाडी चोरली. बास. कारण एवढंसं, मुठीत मावेल असं; ‘देश वाचवायचाय’पेक्षा ते जास्त चालतं, कारण देश पडद्यावर दाखवता येत नाही, पिल्लू येतं. दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की हा ‘द मॅट्रिक्स’मध्ये ‘जॉन विक’चा नायक कियानू रीव्ह्ज याचा स्टंट डबल होता, म्हणजे धोक्याच्या शॉटमध्ये त्याच्या जागी उभा राहणारा. नायकाकडून महिनोन्‌महिने तालीम करून घेतली की कॅमेरा मागे नेता येतो, शॉट लांबवता येतो, चेहरा लपवावा लागत नाही. आणि विकच्या गोळ्या संपतात! मारामारीच्या मध्येच तो पिस्तुलाचं मॅगझिन बदलतो. डोकं थंड ठेवून पेटलेला माणूस त्या दोन सेकंदांत दिसतो. संवादाची गरज पडत नाही.

आता पाठलाग. तो आपल्याकडे करायचा तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर नवी मुंबईतला पाम बीच रोडच येतो. रुंद, बराचसा सरळ, लांबी दहा किलोमीटरच्या आसपास. ताशी शंभरने पळवली तर गाडी सहा मिनिटांत संपवेल, आणि सहा मिनिटं नुसती सरळ पळणारी गाडी म्हणजे प्रेक्षकाला पॉपकॉर्न आणायला मिळालेली सुट्टी. पण या रस्त्याचा एक मोठा फायदा आहे. वाशीहून बेलापूरकडे जाताना खाडी आणि खारफुटी उजव्या हाताला असते, टॉवर बहुतांशी डावीकडे. पुढे पाहणाऱ्या कॅमेऱ्यात खारफुटी उजवीकडे ठेवली की गाडी कुठे चाललीय ते वेगळं सांगावं लागत नाही. एका शॉटमध्ये ती अचानक डावीकडे आली की प्रेक्षकाला वाटणार, गाडी परत फिरली. त्यालाच सेटवर ‘अ‍ॅक्सिस तुटला’ म्हणतात. एडिटिंगमध्ये हे निस्तरता येत नाही. फार तर मध्ये चेहऱ्याचा क्लोजअप घालून झाकता येतं.

वेग वाढवायची जुनी युक्ती म्हणजे कॅमेरा सेकंदाला 24 ऐवजी 22 फ्रेम्सवर चालवायचा. दाखवताना 24 वर दाखवला की हालचाल साधारण 9 टक्क्यांनी वेगवान दिसते. हाव सुटून 18 वर गेलात तर एक तृतीयांशाने वाढते, आणि फुटपाथवरचे मॉर्निंग वॉकवाले मूकपटातल्यासारखे तुरुतुरु पळू लागतात. मग नायकाचा सूड कसला, सगळं थिएटर हसणार.

खरं तर वेड दाखवायला ठाण्यातला घोडबंदर रोड बरा. ‘द फ्रेंच कनेक्शन’मध्ये (1971) मारेकरी उन्नत मार्गावरची ट्रेन बंदुकीच्या धाकावर पळवतो आणि पोपाय डॉयल हा पोलीस कुणाची तरी गाडी हिसकावून खालच्या रस्त्याने तिच्यामागे सुटतो. वर मोकळा रूळ, खाली ट्रॅफिक. डॉयलला पुढेही बघायचंय आणि मान वर करून ट्रेनही चुकू द्यायची नाही. वेड आणि धोका तिथे एकाच मानेत येऊन बसतात. घोडबंदर रोडवर मेट्रोचे खांब आणि वरचा मार्ग उभा आहेच. माजिवड्याच्या कोंडीला सेट लावावा लागत नाही. शेवटी हाच डॉयल खलनायक समजून आपल्याच बाजूच्या माणसाला गोळी घालतो, आणि पिस्तूल पुन्हा भरून पुढे निघतो. नायकाला इतकं वाईट दिसू द्यायला आपल्याकडे किती स्टार तयार होतील? टाळीचा शॉट मागतील ते.

बिघडतं ते ठरावीक जागी. प्रत्येक फाइटआधी तोच फ्लॅशबॅक, तोही काळ्या-पांढऱ्यात. दहा गुंड रांगेत उभे, एकेक करून मार खायला येणारे. आणि गोळ्यांवर चढवलेलं ढणढण संगीत. मायकेल मान यांनी ‘हीट’मध्ये (1995) बँकेबाहेरच्या गोळीबाराला जागेवर ध्वनिमुद्रित झालेला आवाजच ठेवला. इमारतींवर आपटून परतणारा तो खणखणाट आजही कान बधिर करतो.

त्याच सिनेमातला दरोडेखोर नील. त्याचा नियम असा, की संकटाची चाहूल लागली की तीस सेकंदांत सोडून जाता येणार नाही असं आयुष्यात काही ठेवायचं नाही. तो प्रेयसीला घेऊन विमानतळाकडे निघालाय, सगळं सुटलंय. वाटेत फोनवर त्याला दगा देणाऱ्या माणसाचा पत्ता कळतो. आधी तो पुढेच जातो. मग बोगद्यातला पांढरा उजेड, चेहरा आणि एकदम वळलेलं स्टिअरिंग. गाडी वळते तिथे सिनेमाचा निकाल लागतो. पुढच्या गोळ्या म्हणजे फक्त हिशेब.

हा प्रसंग पाम बीचवर घ्यायचा झाला तर एक अडचण आहे. मध्ये दुभाजक. मनात सूड कितीही उसळला तरी यू-टर्नसाठी पुढच्या सिग्नलपर्यंत जावं लागणार, आणि तो लाल असला तर नायकाला विचार बदलायला भरपूर वेळ मिळणार.