कलावेवाच्या बांधावरून श्रीलंका

परदेशातील कोणता देश सर्वांत आवडला, असे कोणी विचारले की बहुतेकांच्या तोंडी स्वित्झर्लंडचे बर्फ, जपानची शिस्त किंवा थायलंडचे समुद्रकिनारे येतात, आणि ती नावे घेण्याला सबळ कारणेही आहेत. माझ्या तोंडी मात्र गेली काही वर्षे श्रीलंकेचेच नाव येते. मुंबईहून अडीच-तीन तासांत विमान पोहोचते, घड्याळाचे काटे फिरवावे लागत नाहीत आणि महाराष्ट्राच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढ्या या बेटावर सकाळी डोंगरात असलेला माणूस संध्याकाळी समुद्रावर असू शकतो. लोकांना श्रीलंका आवडते त्यामागे या सोयी आहेतच. मला ती आवडली ती मात्र एका तळ्याच्या बांधावर उभी असताना, आणि ते समजून घेण्यासाठी माझे माहेर भंडारा जिल्ह्यातले आहे हे सांगणे भाग आहे.

आमच्याकडे धानाची शेती तलावांवर चालते. नवेगाव बांधसारखे मोठे तलाव कोहळी समाजाच्या लोकांनी काही शतकांपूर्वी बांधले, आणि पावसाळ्यानंतर तलावाच्या मोरीतून पाणी सुटले की बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या वाफ्यांमधून, त्याच्यामागे धावणे हा आमच्या बालपणाचा सण होता. म्हणूनच भाऊ, वहिनी आणि मी अनुराधापुराला, श्रीलंकेच्या प्राचीन राजधानीत, पोहोचलो तेव्हा गाडीच्या खिडकीतून मला स्तूपांच्याही आधी तळी दिसली. तिथे तळ्याला ‘वेव’ म्हणतात. अभयवेव हे तळे इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातले मानले जाते, आणि आम्ही पाहिले तेव्हा त्याच्या काठावर एक माणूस आपली म्हैस धूत होता.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला ‘पोय’ म्हणतात आणि त्या दिवशी सार्वजनिक सुटी असते; मद्यविक्री बंद असते आणि पांढरी वस्त्रे नेसलेली कुटुंबे विहारांकडे निघतात. आम्हीही त्या गर्दीसोबत श्रीमहाबोधीकडे चालत गेलो. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी या बेटावर आणली आणि ती येथे लावली गेली, असे बौद्ध परंपरा सांगते. माणसाने लावलेल्या आणि लावल्याचा काळ ठाऊक असलेल्या वृक्षांमध्ये हा सर्वांत जुना मानला जातो. उंच चौथऱ्यावरच्या त्या पिंपळाच्या फांद्यांना सोनेरी टेकू दिले आहेत. त्याखाली आजीबाई जप करीत होत्या, लहान मुले कमळाची फुले घेऊन रांगेत उभी होती आणि एक तरुण बाप तान्ह्या बाळाला वृक्षाच्या दिशेने धरून हळू आवाजात काही पुटपुटत होता. अवघ्या देशाला वंदनीय असलेले हे झाड त्या सकाळी मला कुणाच्याही घरापुढच्या तुळशीइतके जवळचे वाटले.

आमची गाडी चालवणारे गृहस्थ मला पहिल्या दिवसापासून ‘अक्का’ म्हणत. सिंहलीत थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात हे कळल्यावर वहिनीला फार आनंद झाला आणि मग त्यांच्याकडून शब्द गोळा करण्याचा आमचा छंदच सुरू झाला. दिवसाला ते ‘दवस’ म्हणतात, गावाला ‘गम’, हाताला ‘अत’, दुधाला ‘किरि’. अंक मोजताना आठाला ‘अट’ आणि दहाला ‘दहय’ म्हणतात. सिंहली ही मराठीप्रमाणेच प्राकृतांच्या कुळातून आलेली भाषा आहे, हे मी वाचले होते. पण भाजीच्या दुकानात आकडे ऐकून आपण पैसे बरोबर देतो तेव्हा त्या नात्याची जी ऊब जाणवते, ती वाचून मिळत नाही.

संध्याकाळी त्यांनी आम्हाला कलावेवाच्या बांधावर नेले. पाचव्या शतकात धातुसेन राजाने हे तळे बांधले. त्यातून अनुराधापुराकडे जाणारा जयगंगा नावाचा पाट सुमारे 87 किलोमीटर लांब आहे आणि त्याच्या सुरुवातीच्या टप्प्याचा उतार दर किलोमीटरला दहा सेंटिमीटरपेक्षाही कमी ठेवलेला आहे. माझ्या वडिलांनी आयुष्यभर पाटाची कामे पाहिली. एवढा अल्प उतार इतक्या लांबवर सांभाळायचा म्हणजे जमिनीचा केवढा बारकाईने अभ्यास केलेला असला पाहिजे, हे त्यांना लगेच उमगले असते, आणि बांधावर उभी असताना मला सतत त्यांची आठवण येत होती. श्रीलंकेच्या जुन्या तळ्यांमध्ये बांधाच्या आत चौकोनी, दगडी बांधणीची विहिरीसारखी रचना असते. तिला ‘बिसोकोटुव’ म्हणतात. पाण्याचा जोर तिथे मोडतो आणि मोरीतून हवे तेवढेच पाणी सोडता येते. खोल, मोठ्या तळ्याचे पाणी बांध न फोडता बाहेर कसे काढायचे, हा प्रश्न या लोकांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच सोडवला होता.

या तळ्याशी एक करुण कथा जोडलेली आहे. धातुसेनाचा मुलगा कश्यप याने बापाला कैद करून राज्य बळकावले आणि दडवलेला खजिना कुठे आहे ते विचारले. चूलवंस या इतिवृत्तात सांगितले आहे की, वृद्ध राजाने आपल्याला कलावेवावर नेण्यास सांगितले, तळ्यात उतरून स्नान केले आणि ओंजळीत पाणी घेऊन हेच माझे सारे धन आहे, असे म्हटले. त्यानंतर त्याला भिंतीत चिणून मारण्यात आले. आम्ही बांधावर उभे होतो तेव्हा सूर्य तळ्यापलीकडे कलला होता, दूरच्या काठावर हत्तींचा कळप पाण्याला आला होता आणि बांधाखालच्या शेतांत भाताची रोपे वाऱ्याने लवत होती. त्या रोपांच्या मुळाशी आजही तेच धन पोहोचते आहे.

बापाला मारणाऱ्या कश्यपाने सिगिरियाच्या खडकावर आपला राजवाडा बांधला. जंगलातून एकदम सुमारे 180 मीटर उंच उठणारा हा खडक श्रीलंकेच्या प्रत्येक जाहिरातीत दिसतो, आणि प्रत्यक्षात तो त्या चित्रांहून कितीतरी भव्य आहे. पायथ्याशी आखीव जलोद्याने आहेत, ज्यांतली कारंजी चांगला पाऊस झाला की आजही उडतात. खडकाच्या मध्यावर मेघांतून वर आलेल्या स्त्रियांची चित्रे आहेत. अजिंठ्याची वाकाटककालीन लेणी रंगवली गेली त्याच शतकातली ही चित्रे, त्यामुळे मराठी माणसाची नजर नकळत बोटांची वळणे आणि पापण्यांचा भार यांत ओळखीच्या खुणा शोधते. मला स्वतःला मात्र चित्रांहून अधिक रमवले ते त्याखालच्या गुळगुळीत भिंतीने, जिला आरसेभिंत म्हणतात. या भिंतीवर शेकडो वर्षे येणाऱ्या प्रवाशांनी कविता कोरून ठेवल्या. त्यांतल्या बहुतेक आठव्या ते दहाव्या शतकातल्या आहेत. पुरातत्त्ववेत्ते सेनरत परणवितान यांनी त्यांपैकी 685 रचना वाचून 1956 साली प्रसिद्ध केल्या. काही रचना स्त्रियांच्या आहेत. हजार वर्षांपूर्वी कोणी एक बाई घरून निघून इथवर चढून आली, या चित्रांपुढे थबकली आणि आपल्याला काय वाटले ते तिने लिहून ठेवले; मी आज जे लिहिते आहे ते तिच्याच वाटेने चालल्यासारखे आहे, या विचाराने माझे डोळे भरून आले होते.

सिगिरियाच्या माथ्यावरून सगळीकडे तळ्यांचे पाणी चमकताना दिसते. कश्यपाच्या मृत्यूनंतर राजवाडा ओस पडून तिथे भिक्खूंचा विहार झाला. बापाने बांधलेले तळे मात्र आजही वापरात आहे.

माझी वहिनी मालवणची, त्यामुळे जेवणाच्या बाबतीत पुढारीपण तिच्याकडे होते. सकाळच्या ताटात इंदिआप्प, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, आले की ती म्हणायची, “अगं, हे तर आमचे शिरवाळे!” आम्ही शिरवाळे नारळाच्या गोड रसात बुडवतो, तिथे ते ‘किरि होदि’ या नारळाच्या दुधाच्या पातळ पिवळ्या रश्शाबरोबर आणि पोल सांबोलाबरोबर खातात. पोल सांबोल म्हणजे खवलेले ओले खोबरे, लाल मिरची, कांदा, लिंबू आणि वाळवलेल्या माशाचा चुरा. सुक्या जवळ्याची चटणी खाल्लेल्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. दक्षिणेतल्या आंबट माशाच्या कालवणात गोरका घालतात, जो आमसुलाचा सख्खा भाऊ आहे, कारण दोन्ही झाडे एकाच कुळातली. मातीच्या मडक्यात लावलेले म्हशीचे घट्ट दही आणि त्यावर कितुलाची काकवी हा शेवटचा पदार्थ तर आम्ही रोज मागितला. कितुल म्हणजे कोकणातला भेर्ली माड, हे वहिनीने झाड पाहताच ओळखले.

कँडीहून एल्लाला जाणारी रेल्वे हे श्रीलंकेला येणाऱ्या बहुतेकांचे स्वप्न असते. उघड्या दाराशी पाय सोडून बसलेले परदेशी तरुण, खालच्या दऱ्यांतले चहाचे मळे आणि पट्टिपोळ स्थानकाजवळ सुमारे 1,900 मीटर उंचीवर डब्यात शिरणारे धुके यांचे वर्णन अनेकांनी केले आहे. वह्यांच्या कागदात गुंडाळलेले कोळंबीचे वडे घेऊन फेरीवाले फिरतात, आणि या गाडीत पर्यटकांइतकेच रोजचे प्रवासीही असतात. हॅटनला आमच्यासमोर एक तमिळ शिक्षिका येऊन बसल्या. ब्रिटिश काळात कॉफीचे मळे रोगाने गेले आणि त्यांच्या जागी चहा आला. 1867 साली जेम्स टेलर यांनी लुलेकोंडेरा मळ्यात 19 एकरांवर चहा लावला, तिथून या डोंगरांचे रूप पालटले. मळ्यांत राबायला तमिळनाडूतून माणसे आणली गेली आणि या बाईंचे पणजोबा त्यांत होते. 1948 च्या कायद्याने या समाजातील बहुसंख्य लोकांचे नागरिकत्व गेले. 1964 साली लालबहादूर शास्त्री आणि तिथल्या पंतप्रधान सिरिमाओ बंदरनायके यांच्यात करार झाला, त्यात 5,25,000 जणांना भारतात पाठवायचे आणि 3,00,000 जणांना तिथले नागरिकत्व द्यायचे ठरले. बाईंच्या आजीच्या दोन बहिणी भारतात गेल्या, आजी मागे राहिली. “त्या पुन्हा भेटल्या नाहीत,” एवढेच त्या इंग्रजीत म्हणाल्या. उरलेल्यांना नागरिकत्व मिळायला 2003 साल उजाडले. खिडकीतून दिसणाऱ्या हिरव्या उतारांवर ‘लयम’ म्हणजे मजुरांच्या खोल्यांच्या बुटक्या रांगा अजून उभ्या आहेत. ज्या देशावर आपले प्रेम जडते, त्याचे हे दुःखही आपण पाहून घेतले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

गॉलचा डच किल्ला सुंदर आहे, त्याच्या तटावर संध्याकाळी सारे गाव फिरायला येते, आणि तिथे आम्ही दोन निवांत दिवस घालवले. परतीला कोलंबोची गाडी धरली. ही गाडी समुद्राच्या इतक्या जवळून जाते की लाटांचे तुषार खिडकीत येतात. वाटेत पेरलिय हे गाव लागते. 26 डिसेंबर 2004 रोजी येथेच त्सुनामीच्या लाटेने भरलेली रेल्वेगाडी उलथवली आणि हजाराहून अधिक माणसे गेली. त्या गाडीचे इंजिन पुढे दुरुस्त करून पुन्हा रुळांवर आणले गेले. रुळांजवळ, अफगाणिस्तानातल्या बामियानच्या उद्ध्वस्त बुद्धमूर्तीच्या नमुन्यावर घडवलेली उंच मूर्ती उभी आहे.

गाडीचा वेग तिथे कमी झाला नाही. आमच्या शेजारी बसलेल्या बाई मांडीवरच्या मुलाला डब्यातला दूधभात भरवत होत्या. मूर्ती दिसताच त्यांनी उजवा हात पदराला पुसला, दोन्ही हात जोडले, मुलाचेही इवलेसे हात धरून जोडले आणि मग पुढचा घास उचलला.