‘बाई, हे कुठे लिहिलंय?’

गोष्ट वाचता आली की मुलाला वाचता आलं, असं आपण शिक्षक मनाशी धरून चालतो. मुलांना किती वाचता येतं हे देशभर तपासणाऱ्या ‘असर’ या सर्वेक्षणाच्या चाचणीतही पायऱ्या तशाच आहेत: अक्षर, शब्द, परिच्छेद आणि सगळ्यात वर गोष्ट. २०२१ मध्ये निपुण भारत हे केंद्र सरकारचं अभियान आलं आणि तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून, असं लक्ष्य ठरलं. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं या दोन्ही मापांत बसायची. पण परिसर अभ्यासाचं पुस्तक उघडलं की तीच मुलं घडाघडा वाचायची आणि शेवटी कोरीच्या कोरी राहायची.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, माझ्याकडे. स्वाध्याय तपासताना मुलांची उत्तरं बरोबर असायची, म्हणून बरेच दिवस सगळं ठीक वाटत होतं. मग एकदा फळ्यावर एक वाक्य लिहिलं: ‘फिलगुट्या झाडावर रोज संध्याकाळी चुमरे लटपटतात.’ खाली प्रश्न, चुमरे कुठे लटपटतात? कधी लटपटतात? सगळ्या वर्गाने पटापट उत्तरं लिहिली, पूर्ण वाक्यात, शुद्धलेखनासकट. चुमरे म्हणजे काय, असं एकानेही विचारलं नाही. प्रश्नातला शब्द परिच्छेदात शोधायचा आणि त्याच्या आजूबाजूची ओळ उतरवायची, ही विद्या मुलांनी आमच्याकडूनच उत्तम आत्मसात केली होती.

म्हणून असा विषय निवडायचं ठरवलं, ज्याबद्दल मुलांच्या डोक्यात आधीच खच्चून काहीतरी भरलेलं आहे. आमच्याकडे तो शोधावा लागत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर वाडीत रोज कोणाच्या तरी पडवीत जनावर निघतं. दिवेलागणीनंतर ‘साप’ म्हणायचं नाही, जनावर म्हणायचं, हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं. विषय ठरला: नाग, मण्यार, घोणस, फुरसं.

मजकूर मिळवणं हेच मोठं काम निघालं. पाठ्यपुस्तकात सापांवर फार तर चार ओळी. मराठी विश्वकोश आता संकेतस्थळावर सगळ्यांना खुला आहे, पण त्यातली नोंद चौथीच्या मुलापुढे ठेवली तर ते वही मिटून ठेवील. ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही चाळले. शेवटी वाचून, टिपून मीच एक पानभर मजकूर लिहिला, प्रत्येक ओळीला डावीकडे क्रमांक दिला आणि तालुक्याला जाऊन झेरॉक्स काढून आणल्या. ते ओळींचे क्रमांक पुढे फार कामाला आले.

वाचायच्या आधी तीन रकान्यांचा तक्ता केला: आम्हाला काय माहीत आहे, काय विचारायचं आहे, काय कळलं. ही पद्धत नवी नाही. डोना ओगल या अमेरिकन अभ्यासिकेने ती १९८६ मध्ये मांडली, तीही माहितीपर मजकूर वाचण्यासाठीच. आमच्याकडे प्रशिक्षणांत ती सांगितली जाते, पण बहुधा पहिला रकाना भरून शिक्षक लगेच चूक-बरोबर करून टाकतात आणि तिथेच जीव जातो. मी काहीच खोडलं नाही. साप दूध पितो. साप डूख धरतो. नागाच्या डोक्यावर मणी असतो. सगळे साप अंडी घालतात. पुंगी ऐकून डोलतो. मुलं जे सांगतील ते फळ्यावर, आणि प्रत्येकापुढे एक प्रश्नचिन्ह.

मग वाचन. पहिला खड्डा मला अपेक्षित नव्हता तिथे लागला. पान वाचून झाल्यावर तिसरीतला एक मुलगा म्हणाला, “बाई, पुढे त्या फुरशाचं काय झालं?” त्याला वाटत होतं की हे आमच्या सड्यावरचं एखादं विशिष्ट फुरसं आहे आणि त्याच्यावर काहीतरी बेतणार आहे. त्याचं तरी काय चुकलं? आजवर त्याने ‘एक होता उंदीर’ असंच वाचलं होतं. ‘फुरसं खडकाळ भागात राहतं’ या वाक्यातलं फुरसं एक नाही, सगळी फुरशी आहेत, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पाठोपाठ दुसरा मुद्दा आला. ‘नाग अंडी घालतो’ यावर अख्खा वर्ग खो खो हसला. नागोबा कसा अंडी घालील, अंडी घालील ती नागीण! त्या दिवशी आम्ही फक्त एवढंच केलं: प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून विचारायचं, हे एकाबद्दल आहे की सगळ्यांबद्दल?

दुसरी अडचण वाक्यांची. मराठीत माहिती लिहायला बसलं की आपण सगळी विशेषणं आधी रचतो आणि क्रियापद पार शेवटी टाकतो. ‘फुरसे हा आकाराने लहान, प्रामुख्याने रात्री बाहेर पडणारा व खडकाळ प्रदेशात आढळणारा विषारी साप आहे.’ मुलं ‘आहे’पर्यंत पोचेस्तोवर ‘फुरसे’ विसरलेली असायची. पुढल्या पानांत मी अशी वाक्यं सोपी करून द्यायचा मोह आवरला. उलट वाक्य पट्टीवर लिहून कात्रीने तुकडे केले. प्रत्येक तुकड्यापुढे ‘फुरसे’ ठेवून वाचायचं: फुरसे लहान असते. फुरसे रात्री बाहेर पडते. फुरसे खडकाळ जागी आढळते. चार छोटी वाक्यं झाली की पुन्हा जोडून मूळ मोठं वाक्य करायचं. तोडणं सगळ्यांना जमलं, जोडणं मोजक्या मुलांना. पण जोडता येऊ लागलेली मुलं लांब वाक्याला घाबरेनाशी झाली, हे मी पुढे सगळ्याच विषयांत पाहिलं.

खरी कसरत मण्यारीच्या परिच्छेदाने करवली. मजकुरात होतं: मण्यार बहुधा रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावण्याचं प्रमाण जास्त असतं. चावल्यावर फारसं दुखत नाही, सूजही येत नाही, तरी तिचं विष अतिशय जहाल असतं. प्रश्न विचारला, मण्यारीचा दंश जास्त धोक्याचा का ठरतो? बऱ्याच वह्यांत उत्तर आलं: ‘दुखत नाही म्हणून धोका नाही.’ वाचलेलं सगळं, पण उत्तर डोक्यातलं. जास्त दुखतं ते जास्त वाईट, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. त्यापुढे छापलेलं इवलंसं ‘तरी’ कोण बघतो?

इथून मी एकच प्रश्न लावून धरला. कुठे लिहिलंय? ओळ सांग. उत्तर बरोबर असलं तरी ओळ सांग. सुरुवातीला मुलं गोंधळली. बाई ‘कुठे लिहिलंय’ म्हणाल्या म्हणजे उत्तर चुकलं, असं त्यांना वाटायचं. नंतर तीच एकमेकांना विचारू लागली, भांडायला लागली. ‘तरी’, ‘म्हणून’, ‘कारण’, ‘मात्र’ या शब्दांभोवती लाल पेन्सिलीने गोल करायची सवय लावली. गोल दिसला की थांबायचं आणि आधीची-नंतरची अशा दोन्ही ओळी वाचायच्या. ‘दुखत नाही’ आणि ‘कोणी लक्ष देत नाही’ आणि ‘दवाखान्यात जायला उशीर होतो’, ही साखळी मजकुरात सलग कुठेच लिहिलेली नव्हती. ती चौथीतल्या एका मुलीने दोन ओळी जोडून सांगितली. वर्गात फारशी न बोलणारी मुलगी.

त्यानंतर प्रश्नांचे तीन ढीग केले: ओळीत सरळ सापडणारे, दोन ओळी जोडल्यावर कळणारे, आणि इथे उत्तर नसलेले. हा तिसरा ढीग माझ्या मते सगळ्यांत मोलाचा. ‘नाग किती वर्षं जगतो?’ असा प्रश्न दिला, मजकुरात त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. मुलांनी आकडे ठोकून दिले, शंभर, हजार. ‘मजकुरात नाही’ हे उत्तर असू शकतं आणि त्याला पूर्ण गुण मिळतात, यावर त्यांचा विश्वासच बसेना. आमच्या परीक्षा असा प्रश्न कधी विचारतच नाहीत, तर बसणार कसा?

दुधाचा वाद मात्र श्रावणात पेटला. मजकुरात लिहिलं होतं की सापाला दूध पचत नाही, पण गारुडी त्याला तहानलेला ठेवतात, मग समोर येईल ते तो पितो. एक मुलगा ऐकेना. “माझ्या आज्जीने डोळ्यांनी बघितलंय.” त्याला मी म्हटलं, आजीने बघितलेलं खोटं आहे असं कुठे लिहिलंय, ओळ दाखव. त्याने दोनदा वाचलं. मग सावकाश म्हणाला, “आज्जीने बघितला तो तहानलेला होता.” म्हणजे आजीही खरी आणि पानही खरं. वर्षभरात ऐकलेलं सगळ्यांत चांगलं वाचन मला हेच वाटतं. दोन दिवसांनी त्याच्या घरून निरोप आला, बाई सणाच्या विरोधात शिकवतात काय? मी त्याच्या आईला बोलावून ते पान तिच्या हातात दिलं. तिने वाचलं आणि म्हणाली, “आम्ही मातीचाच नाग पुजतो, त्याला काय होणार?” विषय संपला.

तक्त्याचं काम तुलनेने सोपं गेलं. चार साप आडवे, उभे रकाने: कुठे राहतो, केव्हा फिरतो, अंडी की पिल्लं. मुलं आधी तक्ता परिच्छेदासारखा सरसकट आडवा वाचत होती. एक बोट वर आणि एक बोट डावीकडे ठेवून दोन्ही जिथे भेटतात ते घर वाचायचं, एवढं दाखवल्यावर जमलं. नाग आणि मण्यार अंडी घालतात, घोणस आणि फुरसं थेट पिल्लांना जन्म देतात, हे कळल्यावर पहिल्या रकान्यातलं ‘सगळे साप अंडी घालतात’ मुलांनी स्वतः जाऊन खोडलं, बाजूला ओळीचा क्रमांक लिहिला. तीच युक्ती मग एसटीच्या आणि कोकण रेल्वेच्या वेळापत्रकाला लागू पडली. पावसाळ्यात गाड्यांचं वेगळं वेळापत्रक का असतं, हे ज्यांच्या घरी गणपतीला चाकरमानी येतात त्या मुलांना विचारायलाच नको होतं.

सर्पदंशाच्या प्रथमोपचाराच्या सूचना आम्ही वाचून तशा करून पाहिल्या. एक रोगी, दोघे मदतनीस, बाकीचे हातात कागद घेऊन तपासनीस. घाबरवू नका. हातपाय हलवू देऊ नका. अंगठी, बांगड्या काढा. घट्ट आवळून बांधू नका. कापू नका, चोखू नका. १०८ला फोन करा, लगेच दवाखान्यात न्या. मदतनिसांनी पहिल्यांदा काय केलं असेल? रुमाल काढला आणि करकचून बांधला, सिनेमात बांधतात तसा. तपासनीस ओरडले, “ओळ चार! ओळ चार!” नुसतं वाचून घेतलं असतं तर तो ‘नका’ सगळ्यांच्या नजरेतून सुटला असता, असं मला खात्रीने वाटतं. प्रतिसर्पविष, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, घोड्याच्या रक्तापासून बनवतात आणि मुंबईच्या हाफकिन संस्थेत ते तयार होतं, हा परिच्छेद मुलांनी स्वतः मागून घेतला. क्रमाने काय-काय घडतं ते आधी-मग-नंतर लावून लिहिलं. घोड्याला त्रास होतो का, हा त्यांचा प्रश्न ‘मजकुरात नाही’ या ढिगात आहे, अजून.

सगळं जमलंय असं नाही. तिसरीतली तीन-चार मुलं अजून अडखळत वाचतात. त्यांना पान मी वाचून दाखवते, गोल करणं आणि ओळ शोधणं मात्र त्यांनीच करायचं. त्यात ती मागे नाहीत. वाचनाचा वेग आणि समज एकाच दोरीने बांधून दोघांची वाट बघत बसायचं, हे मला पटत नाही. आणि सत्राच्या परीक्षेत रिकाम्या जागा आणि जोड्या लावा आहेतच, तिथे मुलं पुन्हा शब्द हुडकून ओळ उतरवतात. गुणही मिळतात.

आता विंचू घेतलाय, तोही मुलांच्या आग्रहाने. लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरलं आणि कोकणात कितीतरी जीव वाचले, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, त्यावर पानभर लिहायला घेतलंय. पहिला रकाना भरून तयार आहे. त्यात सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरांत: ‘विंचवाची पिल्लं आईला खातात.’ पुढे प्रश्नचिन्ह, आणि त्याखाली कोणीतरी बारीक अक्षरांत लिहून ठेवलंय, ‘ओळ?’