पेटायावेसीचं लाकडी चर्च, १:१०० : भिंती उभ्या, आता घुमट

मी करत असलेल्या १:१०० मॉडेलच्या (मूळ मापाच्या शंभराव्या भागाच्या) चारही बाजूंच्या भिंती वळचणीपर्यंत पोचल्या. फिनलंडमधल्या पेटायावेसी गावचं हे जुनं ल्युथरन चर्च १७६३ ते १७६५ दरम्यान याक्को लेप्पानेन या सुताराने उभं केलं, तेव्हा तिथे स्वीडनचं राज्य होतं. जागा तळ्याकाठची, माणसं उन्हाळ्यात होडीने आणि थंडीत गोठलेल्या तळ्यावरून प्रार्थनेला येत.

मला या वास्तूचं वेड लागलं ते छतामुळे. चारही भुजा सारख्या असलेला क्रूसाचा आराखडा युरोपातल्या प्रबोधनकाळाचा, कमानदार छताची कल्पना त्याहून जुन्या दगडी चर्चची, आणि हे सगळं एका गावच्या सुताराने ओंडक्या-फळ्यांत बसवलं! भुजांवर अर्धगोल कमानी, मधोमध अष्टकोनी घुमट. बाहेरून मात्र फक्त उंच, उतरतं छप्पर दिसतं. म्हणूनच मॉडेलचं छप्पर उचलून बाजूला ठेवता येईल असंच करतोय.

कमानी सोप्या गेल्या. व्हिनिअरच्या (लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या) पट्ट्या कोमट पाण्यात भिजवून पीव्हीसी पाइपावर रबरबँडने बांधल्या, रात्रभर वाळवल्या. घुमटाने खरा घाम काढला. आठ पाकळ्यांच्या कडांना तळाशी साडेबावीस अंशांचा काप लागतो, पण वर जाताना पाकळ्या आडव्या होत जातात आणि तो कोन कमी कमी होत शेवटी जवळपास नाहीसा होतो. एकच कोन धरून कापलं तर टोकाशी फट पडणारच. त्यामुळे कार्डशीटचा साचा करून प्रत्येक कड २४० नंबरच्या पॉलिश पेपरवर हाताने उतरवतोय. तीन पाकळ्या चिकटल्या आहेत, सांध्यात नख जात नाही.

रंग लावायचा नाही हे पक्कं, कारण मूळ लाकूडही उघडंच आहे. तुकड्यांवर आधी कडक चहाचं पाणी, ते वाळल्यावर स्टील वूल भिजवलेलं व्हिनेगर. जुन्या लाकडाची करडी-तपकिरी छटा छान येते.

१८७९ मध्ये गावात नवं चर्च झालं आणि हे पडून राहिलं. १९२० च्या दशकात ऑस्ट्रियन कला-इतिहासकार योझेफ श्ट्झिगोव्स्की यांनी त्याचं मोल ओळखलं, मग डागडुजी सुरू झाली. १९९४ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे.

घुमटानंतर घंटामनोरा घेणार. तो याक्कोच्या नातवाने, एर्क्कीने, १८२१ मध्ये बांधला. छपरावरच्या लाकडी कौलांसाठी ०.३ मिमीचं व्हिनिअर पुण्या-मुंबईत कुठे मिळतं, कोणाला ठाऊक असेल तर सांगा. ०.५ चं या प्रमाणात फार जाड दिसतं.